दोन कोर्सचे एकच सर

सर कोणालाही पहिल्यांदा भेटले, की आधी त्याला मनातल्या मनात उचलून बघत. नमस्कार नंतर. डोळे किंचित बारीक करून समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "सत्तर किलो. दोघं पुरतात." आमच्या प्राचार्यांना तर त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं म्हणे, "साहेब, तुमी वरच्या मजल्यावर बसू नका. जिना अरुंद हाये. तुमाले खाली आणाले चार माणसं लागतीन आन् वळणावर अडचण होईन." प्राचार्यांनी ते बरेच दिवस मनात ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांनी आपली केबिन खाली आणली खरी, पण कारण गुडघ्याचं सांगितलं.

आमच्या वर्गातल्या एकाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. नवरदेव घोड्यावर, बँड जोरात, पोरं नाचताहेत. सर गर्दीतून वाट काढत माझ्या कानाशी आले. मला वाटलं, काही महत्त्वाचं असेल.

"पंच्याऐंशी," ते म्हणाले. "घोडा दमला हाये, पाह्य."

हे सगळं पुसदचं. गावात तेव्हा एक कम्युनिटी कॉलेज सुरू झालं होतं. इमारत एका बंद पडलेल्या शाळेची, बाकंही तिचीच. तिथे वर्षभराचे छोटे कोर्स चालत. माझी नर्सिंगची अॅडमिशन थोडक्यात हुकली होती. बाबा तहसील कचेरीत होते, त्यांना वाटायचं मी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन घरी बसावं. मी हट्टानं आपत्कालीन सेवेच्या कोर्सला नाव घातलं. अॅम्ब्युलन्सवर नोकरी मिळते असं ऐकलं होतं.

पहिल्या दिवशी वर्गात गेले, तर फळ्यावर लिहिलेलं: ठणकते, चमकते, सलते, चुरचुरते, कळ येते, आग होते, गोळा उठते. खाली तेच बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, गोंडीत आणि कोलामीत, देवनागरी अक्षरांत. शेवटच्या बाकावर एक उंच, टकलाचा, खाकी पँटीतला माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"अॅम्ब्युलन्सचा वर्ग कोणता?" मी विचारलं.

"हाच."

"आणि हे फळ्यावरचं?"

"तोबी हाच," तो माणूस म्हणाला, आणि उठून टेबलापाशी गेला. ते सर होते.

झालं होतं असं, की कॉलेजनं दोन कोर्स मंजूर करून आणले होते. एक आमचा. दुसरा जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड, बंजारा समाजांच्या अभ्यासाचा, म्हणजे त्यांची भाषा, रीतीभाती, इतिहास. दोन्हींना जागा होत्या, शिक्षक मात्र एकच मिळाला. सरांनी वीस वर्षं लष्करात शुश्रूषा सहायक म्हणून काढली होती आणि परत आल्यावर, डोक्यावरचे केस गेल्यानंतर, समाजशास्त्रात एम.ए. केलं होतं. तेव्हा दोन्ही कोर्स त्यांच्याच गळ्यात आले. हजेरीपट दोन होते, वर्ग त्यांनी एक केला. सकाळी ऑक्सिजन सिलेंडर कसा जोडायचा ते शिकवायचे, आणि त्याच तासात, मध्येच, कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि पोडात शिरताना कोणाला आधी राम राम घालायचा, यावर जायचे. आम्ही अॅम्ब्युलन्सवाले कुरकुरायचो. त्या दुसऱ्या कोर्सवाले चारच होते, तेही कुरकुरायचे, कारण त्यांना सरावाच्या पुतळ्याची छाती दाबायला लागायची.

सरांची दुसरी खोड म्हणजे पडणं. बोलता बोलता ते पडायचे. खुर्चीवरून, व्हरांड्यात, एकदा प्राचार्यांच्या भाषणात. डोळे मिटून निपचित. जो जवळ असेल त्यानं लगेच हाक मारायची, श्वास बघायचा, नाडी बघायची, पुढचं सगळं करायचं. आम्ही हसलो की ते एक डोळा उघडून म्हणायचे, "पडलेला माणूस खरा हाये का सोंग करून राह्यला, हे ठरवणं आपलं काम नाई. आपलं काम खाली वाकणं."

एकदा ते पुसदच्या बसस्टँडवर पडले, महागावच्या गाड्या लागतात तिथे. मी आणि आणखी एक मुलगा, आम्हा दोघांची त्या दिवशी सरांसोबत राहायची पाळी होती. पण आम्ही कँटीनच्या गाड्यावर आलूबोंडा खात होतो. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी सरांना घेरलं होतं. एकानं नाकाला कांदा लावला. दुसऱ्यानं चप्पल लावली. कंडक्टरनं बाटलीभर पाणी तोंडावर ओतलं. एका जाडजूड बाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्यांचे गाल असे चोळत होती, की लाल झाले होते. सर डोळे मिटून सगळं सोसत पडले होते, कारण त्यांचे दोन विद्यार्थी अजून यायचे होते. शेवटी ते उठून बसले आणि गर्दीला शांतपणे सांगू लागले, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. कांदा लावून उपयोग नाई."

त्या बाईनं एवढी मोठी शिवी दिली, की कंडक्टरसुद्धा मागे सरकला. सरांनी खिशातली वही काढली. "बाई, मघा काय म्हटलं ते पुन्हा म्हना बरं? हा शब्द मी कधी आईकला नाई." आणि खरंच लिहून घेतला.

परत येताना आम्हाला वाटलं, आता आमचं काही खरं नाही. पण ते गाल चोळत म्हणाले, "लोकाईनं सगळंच चुकीचं केलं. पण पयलं चुकीचं काम अर्ध्या मिनिटात केलं. तुमाले सगळं बरोबर येते आन् तुमी आलूबोंडा खाऊन राह्यले होते." बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून मी ड्युटीवर असताना काही खात नाही.

आमच्या वर्गात सुमित्रा नावाची मुलगी होती. कोलाम. एका पोडातून रोज दोन गाड्या बदलून यायची. बोलायची फार कमी. तिनंही आपत्कालीन सेवेच्याच कोर्सला नाव घातलं होतं, त्या दुसऱ्या कोर्सला नाही. "आमचा अभ्यास मी काहून करू?" असं तिनं सरांना विचारलं होतं. सरांना ते इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. "बरोबर हाये. तू अभ्यास नको करू. तू आमाले शिकव."

सुमित्रा पहिला आठवडा मान वर करेना. मग हळूहळू ती सरांच्या चुका काढू लागली. पाण्याला कोलामीत ईर म्हणतात, गोंडीत येर. सर दोन्हींची हटकून सरमिसळ करायचे. ती म्हणायची, "सर, तुमी गोंडाच्या घरचं पाणी कोलामाच्या घरी मागून राह्यले." वर्ष संपताना तिनं आमची तोंडी परीक्षा घेतली. मी जेमतेम पास झाले. सर नापास. ते मार्कांचा कागद स्टाफरूममध्ये घेऊन गेले आणि ज्याला त्याला दाखवत फिरले. "पाहा, तिनं मले सोडलं नाई. एक मार्क वाढवून देला नाई!" असा आनंद मी पास झालेल्या माणसाच्याही तोंडावर पाहिलेला नाही.

आता ती थंडीतली सकाळ सांगते.

कापूस वेचणीचे दिवस होते. आम्ही आठ विद्यार्थी आणि सर भाड्याच्या जीपमधून महागावच्या बाजूला एका पोडात चाललो होतो, भेटीसाठी. त्या आठवड्याची गटप्रमुख मी होते. सर निघतानाच म्हणाले होते, "आज तू सांगशीन, मी आईकीन." एका नाल्याच्या वळणावर आमचा ड्रायव्हर एकदम थांबला. पुढे एक पिकअप उलटी पडली होती. वेचणीला निघालेल्या बायका होत्या तिच्यात. रस्त्यावर कापसाच्या झोळ्या, डबे, चपला. कोणी रडत होत्या, कोणी नुसत्याच बसल्या होत्या.

मला आजही माझा आवाज आठवतो. मी कोणाला फोन करायला लावला, कोणाला रस्ता अडवायला लावला. चालता येतं त्यांना एकीकडे बसवलं. एकीचं मांडीचं हाड मोडलं होतं, ती किंचाळत होती. सुमित्रा दुसऱ्या एकीचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून बसली होती, तिला हलता येत नव्हतं. पिकअपच्या ड्रायव्हरचा खांदा निखळला होता. मी त्याला विचारलं, "सगळ्या बाया आहेत ना? कोणी राहिली नाही ना आत?"

"नाई, सगळ्या भायेर हायेत," तो म्हणाला. मी वाकून गाडीखाली बघितलं. कोणी नव्हतं.

आणि सर? सर रस्त्याच्या कडेला, किलोमीटरच्या दगडाला टेकून बसलेल्या एका म्हातारीपाशी होते. तिच्या भुवईवरून रक्त येत होतं. त्यांनी ते पुसलं, पट्टी बांधली, डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग ते तिच्याशेजारी मांडी घालून बसले. म्हातारी काहीतरी पुटपुटत होती आणि ते मान हलवत ऐकत होते, जणू वेळच वेळ आहे.

"तिच्या डोक्याले लागलं," जवळची एक बाई म्हणाली. "मघापासून बरळून राह्यली."

मला मांडीच्या हाडाला ताण देऊन बांधायला एक दणकट माणूस हवा होता. मी हाक मारली, "सर, इकडे या!" ते आले नाहीत. पुन्हा हाक मारली. त्यांनी न बघता हात वर केला, थांब. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी ओरडले, "सर, तुमाले आईकू येऊन राह्यलं का नाई? गोष्टी मंग करा ना!"

शेवटी आमच्याच ड्रायव्हरला धरून मी ते हाड बांधलं. मनात म्हटलं, एवढे दिवस हा माणूस पडायची सोंगं करतो, आणि खरं पडलं तेव्हा म्हातारीशी गप्पा मारत बसला.

तेवढ्यात सर पळत आले. आम्हाला कायम सांगायचे, धावू नका, भराभर चाला. आणि स्वतः धावत सुमित्राजवळ गेले. तिचे हात त्या बाईच्या डोक्याला धरलेले, म्हणून सरच गुडघ्यावर बसले आणि म्हातारीचा एक शब्द तिला म्हणून दाखवला. "याचा अर्थ धाकटी बहीण ना? का मी पुन्हा चुकलो?"

"बहीणच," सुमित्रा म्हणाली. "काहून?"

"मले धरू दे डोकं. तू जा तिच्यापाशी. काय म्हणते ते नीट आईक."

सुमित्रा गेली. म्हातारीनं कोलामीतून कोणीतरी बोललेलं ऐकलं मात्र, आणि तिनं सुमित्राचा हात गच्च धरला. एका दमात ती सांगत सुटली. सुमित्राचा चेहरा बदलला. दोघी बहिणी शेवटच्या फाट्यावर चढल्या होत्या. बाकीच्या बायका एका गावच्या, त्यांना या दोघी नव्या. धाकटी मागच्या फळीला टेकून बसली होती. ती जन्मापासून बहिरी आणि मुकी. ती दिसत नव्हती.

हाका मारून उपयोग नव्हता. मी चौघांना रांगेत उभं केलं आणि आम्ही नाल्यात उतरलो, हाताच्या अंतरावर, एकेक पाऊल. काठाला बेशरमाची झुडपं माजली होती. सुमित्रालाच ती दिसली. झुडपांच्या आत, अर्धी पाण्यात, एक पाय दगडांत अडकलेला. ओठ निळे पडले होते. डोळे मात्र उघडे. ती वर रस्त्याकडे बघत होती. आम्ही दिसल्यावर तिनं फक्त हात वर केला.

धरलेलं डोकं दुसऱ्या एका मुलाच्या हातात सोपवून सर खाली आले. या वेळी त्यांनी कोणाचं वजन केलं नाही. आम्ही पाय सोडवला, पाठ सरळ धरली, आणि ते तिला छातीशी घेऊन वर चढले. मोठीनं धाकटीला बघितलं आणि दोन्ही हातांनी तिला रागवायला लागली. बोटं, मनगटं, भुवया, सगळं रागवत होतं. त्या दोघींची ती घरची भाषा असणार. धाकटी थंडीनं कुडकुडत होती, तरी उलट उत्तर देत होती.

अॅम्ब्युलन्स आल्या, सगळ्या बायका दवाखान्यात गेल्या. त्यांतली एकही दगावली नाही.

परतीच्या जीपमध्ये मी सरांच्या शेजारी बसले होते. मग म्हटलं, "सर, मघा मी ओरडली. चुकलं माझं."

"कायले चुकलं? मांडीचं हाड मोडलेल्या बाईले माणूस पाह्यजे होता. तू बरोबर होती." ते खिडकीबाहेर बघत होते. "मीबी बरोबर होतो. दोघंबी बरोबर असले का आरडाओरडा होतेच. पण मले तो शब्द आईकताबरोबर समजाले पाह्यजे होता. कितीक मिनिटं लागले मले. तेवढा वेळ ते बाई पाण्यात होती."

दोन दिवसांनी सर, सुमित्रा आणि मी दवाखान्यात गेलो. दोघी बहिणी एकाच खाटेवर बसल्या होत्या, नर्सनं किती सांगितलं तरी. सरांनी कोलामीतून चौकशी केली. मोठीनं त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि सुमित्राला काहीतरी विचारलं. सुमित्रा ओढणीत तोंड लपवून हसू लागली.

"काय म्हणते?" सर.

"म्हणते, एवढा मोठा माणूस लहान लेकरावानी काहून बोलते?"

सर इतके खूश झाले की नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यातही ते तेच म्हणत होते, "म्हणजे मी कोलामी बोलतो, हे तर तिनं मानलं!"

त्यानंतर काही आठवड्यांनी कॉलेज तपासायला समिती आली. तिघे जण. त्यांच्यातल्या अध्यक्षांनी दोन्ही हजेरीपट शेजारी ठेवले आणि विचारलं, "या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय?"

मी विद्यार्थ्यांतर्फे बसले होते. मी उठलेच, नाल्याची सगळी हकीकत ओठांवर होती. सरांनी हातानं खुणावलं, बस. आणि स्वतः म्हणाले, "संबंध मलेबी हळूहळूच समजून राह्यला, साहेब." एवढंच. समितीनं संख्या कमी म्हणून दुसरा कोर्स बंद करायची शिफारस केली.

बाहेर आल्यावर मी रागावले. "सर, ते सांगितलं असतं तर कोर्स वाचला असता!"

"वाचला असता," ते म्हणाले. "पण त्या दोघी काही आपल्या कोर्सची जाहिरात नाई."

मला तेव्हा ते पटलं नाही. आता पटतं, बहुतेक दिवस.

कोर्स बंद झाला म्हणून सर दुःखी दिसले नाहीत. उन्हाळाभर ते काहीतरी टाइप करत बसले होते. नव्या वर्षी आपत्कालीन सेवेचा सुधारित अभ्यासक्रम मंजूर होऊन आला. त्यात एक प्रकरण होतं, 'रुग्णाची माहिती घेणे'. त्याला भरपूर तास दिलेले. विद्यापीठातल्या कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, औषधोपचाराचंच तर आहे. त्या प्रकरणात सरांनी अख्खा बंद पडलेला कोर्स घातला होता, तांडे, पोड, भाषा, राम राम कोणाला आधी, सगळं. सुमित्रा ते प्रकरण आज तिथे शिकवते. मी अॅम्ब्युलन्सवर आहे, कळंबच्या बाजूला. तिच्या वर्गातून आलेली मुलं माझ्या गाडीवर येतात तेव्हा मला बरं वाटतं.

सरांचा निरोप समारंभ मागच्या वर्षी झाला. हॉल भरलेला होता. हार, शाल, श्रीफळ. प्राचार्य बोलले, संस्थेचे लोक बोलले. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर माइकपाशी गेले, तो उंचीला कमी पडला म्हणून बाजूला केला, आणि म्हणाले, "भाषण नाई करत. एक काम सांगतो. तुमच्या बाजूच्या माणसाले त्याच्या मायचं नाव विचारा. कागदावरचं नाव नाई, हाक मारतात ते नाव."

लोक हसले. मग कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं. प्राचार्यांच्या बाजूला पाण्याचे ग्लास घेऊन शिपाई उभे होते. इतकी वर्षं दोघं एकाच इमारतीत. प्राचार्यांनी घसा खाकरून विचारलं, आणि शिपाईकाकांनी ट्रे खाली ठेवून सांगितलं. मग त्यांनी प्राचार्यांना विचारलं. बघता बघता सगळा हॉल बोलू लागला. गंगू, पारबती, सीताबाई, मथी, जनाबाई. एक संचालक रुमाल शोधत होते.

माझ्या शेजारी सरांच्या बायको बसल्या होत्या. जांभळ्या साडीतल्या, गोऱ्या, लहानखुऱ्या. मी विचारलं, "काकू, तुमच्या आईचं नाव काय?"

"चंद्रभागा. चंदी म्हणत सगळे." त्या हसल्या. "तुले सांगते, हे मले पाह्याले आलते तवा यायनं एवढंच विचारलं होतं. स्वैपाक येते का नाई, शिकली किती, काहीच नाई. माह्या बापाले वाटलं, पोरगा थोडासा हा हाये." त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवलं. "मायले माह्या लई आवडला. म्हणे, माह्यं नाव विचारणारा हा पयलाच."

मग त्यांनी स्टेजकडे बघितलं. सरांची खुर्ची रिकामी होती. हार खुर्चीच्या पाठीवर नीट टांगलेला, शाल घडी करून ठेवलेली, बाजूचं दार उघडं.

"गेले वाटते," काकू म्हणाल्या. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. पर्स उचलली, चपला पायात सारल्या. "साडेचारची गाडी पकडतीन. मी नाई गेली तं स्टँडवर कोणाशी तरी गोष्टी करत बसतीन, आन् गाडी जाईन."

त्या निघाल्या. मी उठून त्यांना दारापर्यंत सोडलं. मागे हॉलमध्ये आवाज वाढतच होता, सगळे एकाच वेळी आपापल्या आईबद्दल बोलत होते, आणि कार्यक्रम संपला असं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.